लोक खिडक्या का बंद करतात, हे कधी विचारलंत का?

दारव्ह्याचे गुरुजी
काल इथे एका साइट इंजिनिअर दादांनी लिहिलं की गावागावांत आम्ही लाखोंच्या इमारती बांधून देतो, लोक खिडक्या लावून बसतात, संडासात सामान भरतात. आधी वापरणाऱ्यांच्या सवयी तपासा, मग इमारतीला नावं ठेवा, असंही त्यांचं म्हणणं. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी ज्या शाळेत आहे तिथे नवीन खोली मिळाली. खिडक्या पूर्वेला, त्यांच्यावरचा सज्जा जेमतेम वीतभर. मार्चपासून आमची सकाळची शाळा. साडेसातला ऊन सरळ फळ्यावर यायचं आणि फळा ताटासारखा चमकायचा. मागच्या रांगेतली पोरं मान वाकडी करकरून अक्षर शोधायची. शेवटी मी खिडक्या लावल्या. लावल्या म्हणून अंधार, अंधार म्हणून ट्यूब, आणि वीज गेली की सगळा वर्ग कडुनिंबाखाली. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसलं? मास्तर खिडक्या उघडत नाही.

काँक्रीटचा नमुन्याचा ठोकळा, क्यूब, 28 दिवसांनी दाबून फोडून बघता. मग खोलीत माणसं राहायला लागल्यावर खोली कधी बघता? माझं म्हणणं एवढंच: ताबा दिल्यानंतर दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे जाऊ द्या, मग या, आणि तिथे रोज बसणाऱ्याला विचारा.

साइटवरचा माणूस
गुरुजी, ती पोस्ट माझीच. मागे घेत नाही.

नकाशा वरून येतो, एकच, सगळ्या जिल्ह्याला. जागा ग्रामपंचायत देते, आणि देते ती उरलेली: नाल्याकाठची, नाहीतर स्मशानाच्या वाटेवरची. त्या तुकड्यात इमारत बसवायची तर खिडकी जिकडे येईल तिकडे येते. मोजमाप पुस्तिकेत एक इंच इकडचा तिकडे झाला तर बिल माझं अडतं. खोली थंड की गरम, हे लिहायला त्या पुस्तिकेत रकानाच नाही.

आणि सरकारी इमारतीच कशाला? घरकुल बघा. कमीत कमी 25 चौरस मीटर, सरकारची ठरावीक मदत, बांधणारा लाभार्थी स्वतः. आम्ही टप्प्याटप्प्याला जिओटॅगचा, म्हणजे जागेची नोंद असलेला फोटो काढतो, बस. तिथे स्लॅबच पाहिजे असं कोणी सांगितलं? लोकांनीच मागितला. मग तापला की शिव्या आम्हाला.

वर्ध्याची वास्तुविशारद
रकाना नाही, हेच तर दुखणं आहे! ब्रिटनमधल्या वास्तुविशारदांच्या संस्थेने 1963 साली कामाचे टप्पे ठरवले, तेव्हा शेवटचा टप्पा हाच होता: इमारत वापरात आल्यावर परत जाऊन काय चुकलं ते बघायचं. 1972 मध्ये तो काढून टाकला, कारण त्याचे पैसे द्यायला मालक तयार नव्हते. परत यायला 2013 उजाडलं. म्हणजे दुखणं आपल्या तालुक्याचं एकट्याचं नाही. पण त्यांच्याकडे चुकीची किंमत जास्तीचं वीजबिल असते. आपल्याकडे ती किंमत तापलेल्या खोलीत झोपलेलं लेकरू मोजतं.

स्लॅबबद्दल म्हणाल तर सेवाग्रामला जाऊन या. 1936 मध्ये गांधीजी तिथे आले. त्यांची बापू कुटी माती, बांबू आणि कवेलूंची, म्हणजे कौलांची. मे महिन्यात दुपारी आत बसून बघा, मग शेजारच्या कुठल्याही स्लॅबच्या खोलीत बसा.

वऱ्हाडी कास्तकार
मॅडम, राग येऊ देऊ नका, पण हे बापू कुटीचं बोलणं आयकून आयकून कान किटले. तिची डागडुजी करायले आश्रम हाय. माह्या घराची कोण करते?

आमचं घर कवेलूचंच होतं. दरवर्षी मिरगाच्या आधी कवेलू फेरा. फेरणारा म्हातारा गेला, त्याचं पोरगं पुण्याले कंपनीत. कवेलू करणारा कुंभार पंचक्रोशीत उरला नाई. अन् वांदरं! वीस-पंचवीसचा कळप घरावरून गेला का कवेलूचा चुरा. एका आगोटीत माह्या मायनं रात्रभर धान्याच्या पोत्यावर ताडपत्री धरली होती. आढ्यातून इच्चू पडे तो येगळाच. स्लॅब टाकला तवा माय रडली, आनंदानं रडली. तुमी थंडावा मोजता, मायची झोप कोण मोजते?

दारव्ह्याचे गुरुजी
भाऊ, वांदरांचं शंभर टक्के खरं. पण आता उन्हाळ्यात तुम्ही झोपता कुठे? अंगणात खाट टाकूनच ना? स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तेच खाली ओततो. बाहेर गार वारा सुटलेला असतो, आत छत अजून भट्टी. वरून चुन्याचा पांढरा हात दिला तरी फरक पडतो, पण तो द्यायला सांगतं कोण?

वऱ्हाडी कास्तकार
अंगणातच झोपतो. पण पाऊस आला का आत पळतो, अन् आत कोरडं रायते. चुना यंदा मारून पाह्यतो.

साइटवरचा माणूस
हा धागा कवेलूत अडकला, तर मीही बोलतो. 30 सप्टेंबर 1993, किल्लारीचा भूकंप. माणसं मेली ती मातीच्या घरांतच. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी ते फोटो परत बघावेत.

वर्ध्याची वास्तुविशारद
काहीही काय! तिथे मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती होत्या, वर माळवद, म्हणजे मातीचं जड सपाट छप्पर. आपल्याकडचं बांबू-कवेलूचं हलकं छप्पर आणि ते माळवद एक कसं? मेलेल्या माणसांना वादात ओढताना निदान घर कसलं होतं ते तरी बघा.

आणि किल्लारीचंच काढलंत तर पुढचंही ऐका. नवी गावं वसवली ती पट्टीने आखलेली, रुंद रस्त्यांची. घरं मजबूत होती. पण गल्ली तुटली, भावकी विखुरली, शेत लांब गेलं. लोकांनी मग स्वतःच पत्र्याच्या पडव्या काढल्या, आडोसे केले. ती पडवी म्हणजे राहणाऱ्याने इमारतीला दिलेलं उत्तर आहे. तुम्ही त्याला अतिक्रमण म्हणता.

साइटवरचा माणूस
घराच्या प्रकाराबद्दल माझी चूक, मान्य. पडवीबद्दल नाही. उद्या ती पडून कोणी दगावलं तर चौकशी माझी लागते, तुमची नाही.

अंगणवाडीची ताई
तुम्ही सगळे छपरावर चढून बसलात. मी जमिनीवरचं सांगते.

संडासात सामान भरतात, असं लिहिलंत ना दादा? भरते मी. तेलाचे डबे, चटया आणि वजनकाटा माझ्या संडासात आहेत. कारण अंगणवाडीला साठवणीची खोलीच नाही आणि संडासात पाणीच नाही. नळाची तोटी आहे, टाकीही आहे, पण टाकीत पाणी चढवायला मोटार नाही. हापशी रस्त्यापलीकडे. तीन वर्षांच्या लेकराला घेऊन मी बादलीने पाणी आणू, का बाकीच्या सतरा जणांवर लक्ष ठेवू? कडी माझ्या खांद्याच्या उंचीवर. लेकरू आत गेलं तर ती त्याच्या हाताला येत नाही, आणि दार आपोआप लोटलं जातं. एक पोरगी अशीच आत रडत राहिली होती. त्या दिवशी मी ते बंदच केलं.

भिंत काळ्या मातीत खचली. भेग एवढी की दहाचं नाणं उभं आत जातं. पावसाळ्यात ती मिटते, उन्हाळ्यात उघडते. लेकरं तिथे खडूचे तुकडे कोंबतात.

एक मात्र खरं सांगते, फरशी चांगली बसवली. सात वर्षांत एकही हलली नाही.

वर्ध्याची वास्तुविशारद
काळ्या मातीसाठी रूरकीच्या इमारत संशोधन संस्थेने अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खोल जाणारे, खाली फुगीर असे पायाचे खांब, कधीच काढून ठेवलेत. उपाय पडून आहे, पण ताईंच्या भेगेची बातमी पुढचा नकाशा काढणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. तोच नकाशा पुन्हा, तीच भेग पुन्हा.

साइटवरचा माणूस
ताई, कडीचं माझ्या कधी लक्षातच आलं नाही. आम्ही दार लागतं का ते बघतो, कोणाच्या हाताने लागतं ते नाही. हे मी मानतो.

पण दोन वर्षांनी परत जायचं तर कोणाच्या पैशाने? दोषदायित्वाचा काळ, म्हणजे दोष निघाला तर कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपला की कंत्राटदार फोन उचलत नाही. माझ्याकडे आजच सतरा कामं आहेत. आणि मी लिहून दिलं की नकाशाच चुकीचा आहे, तर माझी बदली कुठे होते ते तुम्हाला माहीत आहे. बरं, मे महिन्यात गुरुजींच्या शाळेत येतो, स्वतःचं पेट्रोल जाळून. थर्मामीटर आणतो. वर कळवीन की नाही, ते आता सांगत नाही.

दारव्ह्याचे गुरुजी
या. पण मेमध्ये शाळेला सुट्टी असते, रिकामी खोली बघून काय करणार? मार्चमध्ये सकाळी साडेसातला या आणि मागच्या रांगेत खाली मांडी घालून बसा. मी फळ्यावर लिहितो, तुम्ही वाचून दाखवा.

वऱ्हाडी कास्तकार
अन् मे मंदी माह्या घरी या, मुक्कामी. दुपारी सगळेच येऊन जाते, पाणी पिऊन. रात्री स्लॅबखाली खाट टाकून देतो, अंगणात नाई.

अंगणवाडीची ताई
येताना एक कडी घेऊन या दादा. खाली लावायची, कमरेच्याही खाली. स्क्रू मी आणते.