गाडीत पोरं, समोर पडका किल्ला : तुमचं काय झालं ते सांगा

सोलापूर सोडून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की तासाभरात नळदुर्ग येतं. बहिणीकडे जाताना दरवर्षी पाटी दिसायची आणि आम्ही 'येताना थांबू' म्हणायचो. येताना घराची ओढ, की राहिलंच. गेल्या ऑगस्टात धाकटीला गाडी लागली म्हणून थांबावं लागलं आणि तीन तास तिथंच गेले. बोरी नदीवर बांध घालून त्या बांधाच्याच पोटात पाणीमहाल केलाय, १६१३ सालचा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या वेळचा. पावसाळ्यात नदी भरली की बांधावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि आपण आत उभं राहून पाण्याची पाठ बघतो. मी थोरल्याला बहामनी, आदिलशाही असं सगळं क्रमवार सांगत होते. त्यानं पाय धुवायला म्हणून चप्पल काढली आणि त्यातली एक पाण्यानं नेली. 'आई, ती नराकडे गेली की मादीकडे?' हा त्याचा एकमेव ऐतिहासिक प्रश्न. घरी आजही नळदुर्गाला 'चप्पलवाला किल्ला' म्हणतात.

तर, आपण पोरांना काय दाखवलं ते सोडा. पोरांनी स्वतः काय पाहिलं, ते लिहा.

*

रायगड. एप्रिल, भर दुपार. चूक सर्वस्वी माझी. रोपवेनं वर गेलो म्हणून पाय वाचले, डोकी नाही वाचली. होळीच्या माळावर सावली नावाला नाही. १६७४चा राज्याभिषेक या गडावर झाला, हे मी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा 'हो बाबा'.

मग राजसदरेवर कोणीतरी म्हणालं, नगारखान्यात पुटपुटलेलं सिंहासनाच्या जागेपाशी ऐकू येतं. झालं! लेकीला इकडे उभी केली, चिरंजीव पळत नगारखान्याच्या दाराशी. आम्हाला वाटलं, 'हर हर महादेव' म्हणेल. लेक कान टवकारून उभी, आणि एकदम किंचाळली, 'बाबा, तो माझा चिवड्याचा पुडा फोडतोय!' एवढ्या अंतरावरून प्लास्टिकचा आवाज तिला कळला. ध्वनिशास्त्र म्हणा, बहीण म्हणा. कचरा आम्ही परत आणला, हे आधीच सांगून टाकतो.

दुसरं आकर्षण म्हणजे राणीवशाजवळचे शौचकूप. 'म्हणजे राण्यांनासुद्धा?' यावर परतीच्या वाटेवर माणगावपर्यंत चर्चा चालली.

*

आमचा किल्ला बघायचा राहिलाच. कोल्हापूरहून मालवण, जूनचा दुसरा आठवडा. समुद्र खवळतो म्हणून पावसाळ्यात सिंधुदुर्गाच्या होड्या बंद असतात, हे आम्हाला धक्क्यावर पोचल्यावर कळलं. मुलाला आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी असल्याचं गाडीत रंगवून सांगितलं होतं. आता त्याचा भोंगा सुरू. एका आजोबांनी मोरयाच्या धोंड्याकडे जायला सांगितलं. किनाऱ्यावरच्या खडकात गणपती, चंद्र, सूर्य कोरलेत. १६६४ साली किल्ल्याच्या मुहूर्ताची पूजा महाराजांनी इथं केली. पोरगा ओल्या कोरीव चंद्रावरून बोट फिरवत राहिला, भोंगा बंद. भर पाण्यातला तट लांबूनच बघितला. खरं सांगू? पावसात तो तसाच जास्त शोभतो.

*

लहानग्यांना घेऊन जाणाऱ्यांसाठी: पन्हाळा घ्या. गाडी थेट वर जाते, हाताशी पाणी, कणीस, सगळं. अंबरखान्यातल्या गंगा कोठीत शिरलं की आपोआप ओरडावंसं वाटतं, त्यांना ओरडू द्या. धान्य ओतायला वर छताला झरोके ठेवलेत, तिथून उजेडाचे खांब उतरतात. आमची चार वर्षांची नात ते खांब मिठीत धरायला बघत होती. अंधारबावीत मात्र हात सोडू नका. आणि तटावर चढवून फोटो काढणाऱ्या आईबापांचं मला कोडंच आहे.

*

वरचं शौचकूप वाचलं आणि लिहायलाच बसले. आम्ही मँचेस्टरला असतो. वेल्समधल्या कॉनवीला गेलो होतो. पहिल्या एडवर्डनं १२८३ ते १२८७ या चार-पाच वर्षांत उभा केलेला किल्ला, आठ गोल बुरूज, आता छप्परं नाहीत. माझी मुलं इथंच जन्मलेली. सुट्टीत आजोबांनी राजगड दाखवलेला, त्यामुळे धाकटा बाण मारायच्या फटींना बिनदिक्कत 'जंग्या' म्हणत होता आणि शेजारचं इंग्रज कुटुंब कौतुकानं मान डोलवत होतं. गावाच्या तटबंदीत मात्र खजिना मिळाला : भिंतीतून बाहेर काढलेले ओळीनं बारा संडास. बारा! राजाच्या कारकुनांसाठी बांधलेले म्हणे. दोघांनी तीनदा मोजले. बुरूज किती, हे विचारलं तर अजूनही अडखळतात.

आपल्याकडे १८१८ नंतर इंग्रजांनी गडांच्या वाटा सुरुंगानं उडवल्या, हे मी तिथं सांगितलं. थोरली म्हणाली, 'मग यांचा कुणी तोडला?' यांचाही त्यांच्याच यादवीनंतर निकामी केलेला. हे तिला फार न्याय्य वाटलं.

*

आमच्याकडे परिणाम दिवाळीत दिसला. दिवाळीच्या आधी प्रतापगडला जाऊन आलो होतो. अंगणात किल्ला करताना पोरानं आम्हाला हातच लावू दिला नाही. पोत्यावर चिखल थापून झाला, हळीव पेरून झाले, बालेकिल्ल्यावर महाराज बसले, पायऱ्यांवर मावळे उभे राहिले. एक मावळा मात्र मागच्या बाजूला, काडेपेटीच्या आडोशाला, सगळ्यांकडे पाठ करून. मी उचलून दरवाज्यात ठेवायला गेलो, तर ओरडला, 'थांबा! त्याचं अजून झालं नाहीये.'