ग्रेन-फ्री पेट फूड: धान्यावर एवढा राग कशाला?

शेपूटहलव्या:
आमचा लॅब्रेडॉर कुत्रा सात वर्षांचा, त्याचं खाणं संपलं म्हणून दुकानात गेलो तर तिथला पोरगा म्हणे सर धान्यवालं नका घेऊ, धान्य म्हणजे नुसता फिलर, स्वस्तात पाकीट भरायला घातलेला, कुत्रा शेवटी लांडगाच ना. बरं म्हटलं, आणलं ग्रेन-फ्री. घरी येऊन पाकिटाची पाठ वाचली. मका नाही, गहू नाही, तांदूळ नाही, मग आहे काय तर वाटाणा, वाटाण्याचं प्रोटीन, वाटाण्याचं फायबर, मसूर आणि बटाटा!! नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. अहो, किबल, म्हणजे हे कोरडे दाणे, वाफेवर आणि दाबाखाली शिजवून फुलवतात, त्यात स्टार्च नसेल तर दाणा धड बांधलाच जात नाही. म्हणजे धान्य काढलं तरी स्टार्च कुठून तरी येणारच. आणि लांडग्याचं म्हणाल तर २०१३ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात अभ्यास आला होता, स्टार्च पचवणाऱ्या अमायलेजच्या जीनच्या लांडग्यात दोनच कॉपी आणि कुत्र्यांत चार ते तीस. माणसाच्या उष्ट्याखरकट्यावर जगता जगता पोट बदललं त्यांचं.

हाडूक:
पचतं आणि लागतं यात फरक आहे की नाही? कुत्र्याला कार्ब्ज अमुक इतके हवेतच असा किमान आकडा कुठल्याही स्टँडर्डमध्ये नाही, प्रोटीनला आहे, फॅटला आहे. मका स्वस्त पडतो म्हणून घालतात, पौष्टिक म्हणून नाही. आणि पहिलं नाव चिकन बघून खूश होऊ नका, यादी वजनाप्रमाणे असते आणि ताज्या चिकनमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, ते सुकल्यावर चिकन कुठल्या कुठे खाली जातं. वर मक्याचे तुकडे करून लिहितात, मका वेगळा, कॉर्न ग्लूटेन मील (स्टार्च काढल्यावर उरलेला मक्याचा प्रोटीनवाला भाग) वेगळं, म्हणजे एकेक नाव खाली राहतं. हिशोब करा. प्रोटीन २६ टक्के, फॅट १४, ओलावा १०, फायबर ४, राख म्हणजे खनिजं साधारण ८ धरा. झाले ६२. उरलेले ३८ टक्के कार्ब्ज, आणि तो आकडा बहुतेक पाकिटांवर छापत नाहीत.

शेपूटहलव्या:
हिशोब मान्य, पण तोच ग्रेन-फ्रीच्या पाकिटाला लावा की! वाटाणा घातला म्हणून कार्ब्ज हवेत विरत नाहीत. आणि मका म्हणजे निव्वळ स्टार्च नाही हो, त्याच्या तेलात लिनोलेइक ॲसिड असतं जे कुत्र्याला बाहेरूनच मिळावं लागतं, कातडी आणि केसांसाठी. कॉर्न ग्लूटेन मीलमध्ये ६० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं, त्यात लायसिन हे अमिनो ॲसिड कमी पडतं हे खरं, पण ते मांसातून भरून निघतं.
शिवाय २०१८ ला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, ग्रेन-फ्री खाणं आणि हृदयविकाराची चौकशी सुरू केली ती विसरलात का? आजार डीसीएम, म्हणजे हृदय फुगून पंपिंग कमजोर होतं. २०१९ पर्यंत पाचशेच्या वर कुत्र्यांचे रिपोर्ट आले आणि त्यांत नाव आलेल्या खाण्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त ग्रेन-फ्री होती, बहुतेकांत वाटाणा नाहीतर मसूर. आगीतून फुफाट्यात.

हाडूक:
आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याच एफडीएने सांगितलं की नवीन ठोस काही हाती लागलं तरच बोलू. कारण सिद्ध झालं नाही. बातमी आल्यावर जो तो रिपोर्ट करायला लागला, नुसत्या रिपोर्टवरून काय ठरवणार? त्यात गोल्डन रिट्रीव्हर जातीची कुत्री जास्त, त्यांच्यात टॉरिन (हृदयाला लागणारं अमिनो ॲसिड) कमी पडण्याची खोड आधीपासूनच दिसते. तुमच्या लाडक्या मक्याचं सांगू का? २०२० च्या अखेरीपासून अमेरिकेत खाण्यातल्या अफ्लाटॉक्सिनमुळे शंभरावर कुत्री गेल्याचे रिपोर्ट आले. बुरशीचं विष, आणि ते येतं मुख्यतः मक्यातून. खाणं शिजवलं तरी ते पुरतं जात नाही.

बोक्याची_आई:
तुम्हा दोघांचं कुत्रंपुराण चालू द्या, मांजर मात्र यात ओढू नका. मांजराला गोडाची चव कळत नाही, शिजलेला स्टार्च पचतो पण त्याचं शरीर चालतं प्रोटीनवर. टॉरिन स्वतःपुरतं बनवता येत नाही, १९८७ मध्ये टॉरिन आणि मांजरांच्या हृदयाचा संबंध दिसल्यावर खाण्यात ते वाढवलं गेलं. पण खरं सांगू, मला धान्यापेक्षा कोरडेपणाची धास्ती जास्त. दाण्यात पाणी १० टक्के, ओल्या खाण्यात ७५ च्या वर, आणि आमचा बोका वाडग्यातल्या पाण्याकडे अशा नजरेने बघतो की जणू मी विष कालवलंय. धान्य काढून हा प्रश्न सुटतो का? नाही ना.

खाजखुजली:
आमची कुत्री पंजे चाटून चाटून लाल करायची. सगळ्यांनी सांगितलं गहू बंद कर. केला. ग्रेन-फ्री चालू केलं, तीन महिने गेले, पंजे तसेच. शेवटी व्हेटने आठ आठवडे तिने कधी न खाल्लेलं एकच मांस दिलं आणि मग जुन्या गोष्टी एकेक करून परत घातल्या, तर निघालं चिकन. चिकन!! तेच ग्रेन-फ्रीमध्ये पहिलं. गव्हाची ॲलर्जी असते काही कुत्र्यांना, पण बीफ, दूध, चिकन तिच्या आधी येतात.

हाडूक:
तुमच्या कुत्रीचं पटलं. पण आयरिश सेटर जातीच्या काही वंशात ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं प्रोटीन, खरंच सोसत नाही, म्हणून सरसकट धान्य चांगलं असंही नको म्हणायला.

शेपूटहलव्या:
सरसकट कोण म्हणतंय? माझा राग त्या फिलर शब्दावर आहे. आता पाकीट मांडीवर घेऊन तुमचाच हिशोब करायला बसलोय, प्रोटीन आहे, फॅट आहे, फायबर, ओलावा आहे, राख कुठेच छापलेली नाही. कंपनीला मेल टाकलाय.

बोक्याची_आई:
उत्तर आलं तर इथे टाका. मी मागे टाकला होता, उत्तरात पुढच्या खरेदीचं कूपन आलं.