शब्दचर्चा: अणू, परमाणु, क्षार, लवण (नववीच्या रसायनशास्त्राच्या निमित्ताने)

शिकवणीवाली:
शेजारची नववीतली मुलं विज्ञानाचा सराव करायला माझ्याकडे बसतात. शाळा मराठी माध्यमाची, पण घरी उजळणी चालते ती मोबाइलवरच्या हिंदी व्हिडिओंवर. परवा एकीने लिहिलं, "हायड्रोजनचे दोन परमाणू आणि ऑक्सिजनचा एक परमाणू मिळून पाण्याचा एक अणू बनतो." हिंदीत हे वाक्य अगदी बरोबर आहे, पण मराठी उत्तरपत्रिकेत त्याला गुण मिळणार नाहीत, कारण पाण्याचा अणू नसतो, रेणू असतो.

हिंदीत तत्त्व म्हणतात ते आपलं मूलद्रव्य, यौगिक म्हणजे संयुग, संयोजकता म्हणजे संयुजा, आवेश म्हणजे प्रभार. या शब्दांचा त्रास नाही. शब्द अनोळखी असला की मूल थांबतं आणि विचारतं. त्रास ओळखीच्या शब्दांचा होतो. अणू आणि क्षार हे दोन तर मला सापडले. आणखी आहेत का? आणि क्षार म्हणजे नक्की काय समजायचं? पुस्तकात आम्ल (ॲसिड) आणि आम्लारी (बेस) यांच्यापासून क्षार (सॉल्ट) तयार होतो, व्हिडिओत मात्र आम्लाच्या विरुद्ध क्षार.

फळा-खडू:
आधी अणू घेऊ. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या मांडणीत परमाणु हा सगळ्यांत लहान, पुढे न तुटणारा कण. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक. हिंदीने 'परमाणु' तिथेच ठेवला आणि त्याहून मोठ्याला 'अणु' म्हटलं. मराठीत 'अणुरेणू' ही जोडी रसायनशास्त्र यायच्या कितीतरी आधीपासून लोकांच्या तोंडी होती, संतांच्या काव्यातही ती आहे. शाळेच्या परिभाषेत लहान तो अणू, त्याहून मोठा तो रेणू. दोन्ही पद्धती आपापल्या जागी सुसंगत आहेत. म्हणून तर तुर्भ्याची एकच संस्था मराठीत 'भाभा अणुसंशोधन केंद्र' आणि हिंदीत 'भाभा परमाणु अनुसंधान केंद्र' असते.

खरा खड्डा पुढे आहे. हिंदीत 'आणविक द्रव्यमान' म्हणजे रेणुवस्तुमान. मराठी कानाला 'आणविक' म्हणजे अणूचं वाटतं. व्हिडिओत ऐकू येतं, ऑक्सिजनचं आणविक द्रव्यमान ३२. मूल वहीत लिहितं, अणुवस्तुमान ३२. ते आहे १६. मग त्याच आकड्यावर पाण्याचं रेणुवस्तुमान काढलं की १८ च्या जागी ३४ येतं आणि पुढची मोलची, म्हणजे किती ग्रॅममध्ये किती कण याची, सगळी गणितं कोसळतात. मी अशा मुलांना सूत्र पाठ करायला लावत नाही. सरळ विचारतो: पाण्याच्या ५ रेणूंमध्ये एकूण अणू किती? १५ आले तर शब्द डोक्यात बसला. मग विचारतो, १८ ग्रॅम पाण्यात रेणू किती? ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. आणि अणू? त्याच्या तिप्पट. इथपर्यंत न अडखळता आलेल्या मुलाने व्हिडिओ कुठल्याही भाषेत बघावा.

कशाला_हा_खटाटोप:
अकरावीला सायन्स घेतलं की सगळं इंग्रजीतच आहे. सेमीवाली मुलं आठवी-नववीतच ॲटम, मॉलिक्यूल म्हणतात. संयुजा आणि आम्लारी घोकून करायचं काय?

फळा-खडू:
@कशाला_हा_खटाटोप, अकरावीची अडचण खरी आहे, नाकारत नाही. पण द्राव्य, द्रावक, द्रावण बघा. विरघळतं ते द्राव्य, विरघळवतो तो द्रावक, दोघांचं मिळून द्रावण. शब्दाच्या शेपटीवरून काम कळतं. इंग्रजी जोडीत सोल्यूट कोणता आणि सॉल्व्हंट कोणता हे माझ्या वर्गात निम्मी मुलं उलटं सांगायची. आम्लारीही तसाच: आम्ल अधिक अरि, आम्लाचा शत्रू. उदासिनीकरण, म्हणजे दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात ते, शिकवायच्या आधीच अर्धं सांगून झालेलं असतं.

माती_परीक्षण (सांगली):
क्षाराबद्दल मी लिहितो, कारण आमच्याकडे हा शब्द चुकला तर शेतकऱ्याचे पैसे जातात.

उसाच्या पट्ट्यात पाणी जास्त आणि निचरा कमी झाला की जमीन 'क्षारपड' झाली म्हणतात. तो ढोबळ शब्द. अहवालात आम्ही वेगळं करतो. क्षारयुक्त जमीन म्हणजे विरघळणारे क्षार जास्त, विद्युत वाहकता ४ च्या वर, सामू (पीएच, म्हणजे आम्ल-आम्लारीपणाचं माप; ७ म्हणजे उदासीन) साधारण ८.५ च्या आत. पृष्ठभागावर पांढरा थर दिसतो. चोपण जमीन म्हणजे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला, सामू ८.५ च्या वर, ओली असताना चिकट आणि वाळली की दगड. पहिलीला चर काढून, चांगल्या पाण्याने क्षार धुऊन खाली न्यावे लागतात. दुसरीला आधी जिप्सम लागतं. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हटवतं, मग निचऱ्याने तो निघून जातो.

आता हिंदी पुस्तिका उघडा. आपली क्षारयुक्त ती त्यांची 'लवणीय', आणि त्यांची 'क्षारीय' ती आपली चोपण. आपल्या क्षारयुक्त जमिनीचा शेतकरी हिंदीतला 'क्षारीय भूमि' हा मथळा बघून जिप्समच्या गोण्या आणतो. त्या जमिनीला बहुधा नुसता निचरा हवा असतो.

विदर्भकर:
आमच्याकडे निम्मं बोलणं हिंदीतून, त्यामुळे हा घोळ नेहमीचाच. पण सगळा दोष हिंदीवर ढकलू नका. मराठी विश्वकोश काढून बघा. तिथे बेसला 'क्षारक' आहे आणि सॉल्टला 'लवण'. ॲसिडसुद्धा आम्ल नाही, 'अम्ल'. रासायनिक अभिक्रियेला 'विक्रिया'. म्हणजे मराठीतच दोन घराणी आहेत आणि विश्वकोशाचं घराणं हिंदीच्या जवळचं. शाळेतून विश्वकोशाकडे गेलेला मुलगा तिथेही अडखळणार.

शिकवणीवाली:
हे माहीत नव्हतं. मग 'लवण' लिहिलं तर पेपरात चालेल?

फळा-खडू:
अर्थाने बरोबर, पण तपासणाऱ्याच्या समोर उत्तरसूची असते. पेपरात क्षार, आम्लारी, अभिक्रिया असंच लिहायला सांगा. बाहेर वाचताना लवण दिसलं की ओळखता यावं, एवढं पुरे.

मला जुन्या वापराबद्दल सांगायचं आहे. बाजारातला 'खार' हा शब्द क्षारावरूनच आला. सज्जीखार, पापडखार, यवक्षार हे सगळे आम्लाला मारणारे. म्हणजे हिंदीने क्षाराचा जुना अर्थ धरला. पण विहिरीच्या पाण्यात क्षार आहेत, भांड्याला क्षाराचं किटण बसलं, असं आपण म्हणतो तेव्हा शाळेतल्या पुस्तकाचाच अर्थ असतो. तोही बनावट नाही, बोलीतलाच आहे.

शिकवणीवाली:
मग धुण्याचा सोडा कशात टाकायचा? मुलीने तेच विचारलं. हळदीच्या डागावर सोड्याचं पाणी टाकलं तर लाल झालं. म्हणून ती म्हणते, हा क्षार नाही, आम्लारी आहे.

फळा-खडू:
फार चांगला प्रश्न. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, आणि तो मराठी पुस्तकाच्या अर्थाने क्षारच आहे: सोडियम हायड्रॉक्साइड आणि कार्बोनिक आम्लाचा. पण आम्लारी तीव्र आणि आम्ल सौम्य, म्हणून पाण्यात विरघळल्यावर द्रावण आम्लारिधर्मी होतं आणि हळद लाल होते. क्षार म्हणजे उदासीन, हा समज मिठामुळे होतो. मिठात दोन्ही बाजू तीव्र असल्याने सामू ७ च्या आसपास राहतो.

तिला पुढे नवसागर द्या. अमोनियम क्लोराईड. इथे आम्ल तीव्र, आम्लारी सौम्य. निळा लिटमस तांबूस होईल. हळदीवर काही दिसणार नाही, कारण हळद आम्लात पिवळीच राहते. तिने "हळद बदलली नाही म्हणजे उदासीन" असं लिहिलं, तर दर्शकांचा, म्हणजे रंग बदलून आम्ल-आम्लारी ओळखवणाऱ्या पदार्थांचा, धडा परत काढा.

विदर्भकर:
आणखी एक जोडी राहिली. हिंदीत रिडक्शनला 'अपचयन', आपल्याकडे 'क्षपण'. आपल्या जीवशास्त्रात चयापचय आणि अपचय आधीच बसलेत, त्यामुळे तापलेल्या कॉपर ऑक्साइडवरून हायड्रोजन सोडला की "कॉपर ऑक्साइडचं अपचयन" ऐकून मुलांना पचन आठवतं. तिथे क्षपण म्हणा: ऑक्सिजन गेला, तांबं उरलं.

शिकवणीवाली:
नवसागर कल्हईवाल्याकडे मिळतो ना? उद्या आणते.