मदत हवी आहे: ताण दिला की स्नायूची पट्टी आकसते, ब्लॉकर टाकूनही थांबेना

चिडकी_संत्री
सोमवारी गाईडला ग्राफ दाखवायचाय अन् डोकं फिरलंय. पट्टी ताणली की आकसते, नसांचा निरोप अडवायला अॅट्रोपिन टाकलं तरी आकसते, म्हणजे नसांचं काम नाही, स्नायूलाच ताण कळून राहिला. पण ताणाने उघडणारे पेशींचे चॅनल बंद करायला गॅडोलिनियम टाकलं तर ढिम्म फरक नाही!! तीनदा केलं. काय चुकून राहिलं?

जुना_ऑर्गनबाथ
कशाची पट्टी? कोणता भाग? डोस? आम्ही काय ज्योतिषी आहोत?

चिडकी_संत्री
कोंबडीचं इलियम, म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग, नागपुरात मोमीनपुऱ्यातून आणते. १ ग्रॅम ताण, ३७ डिग्री, गॅडोलिनियम १०० मायक्रोमोलर.

पिएझोप्रेमी
पिएझो१ बघ, ताण कळणारं चॅनल! २०१० मध्ये सापडलं, २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पटापुटियन यांना अशाच शोधासाठी, डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत वाटून.

जुना_ऑर्गनबाथ
नोबेल मिळालं म्हणून सगळीकडे पिएझोच का बे? स्मूथ मसलमध्ये, म्हणजे आतड्यासारख्या अवयवांच्या स्नायूत, एल-टाइप कॅल्शियम चॅनललाही ताण कळतो, माणसाच्या आतड्यात एनएव्ही १.५ सोडियम चॅनललासुद्धा. अन् ताई, अॅट्रोपिनने फक्त अॅसिटिलकोलीनचा रस्ता अडतो, नसा बाद करायच्या तर टेट्रोडोटॉक्सिन लागतं.

चिडकी_संत्री
ते महाग आहे, गाईड आणू देत नाही.

विदर्भाचे_काका
पोट आकसत असेल तर रात्री कोमट पाण्यात इसबगोल घ्या, सावजी कमी करा.

चिडकी_संत्री
काका, आतडं कोंबडीचं आहे हो.

पिएझोप्रेमी
मे महिन्यात मोमीनपुऱ्याहून येईस्तोवर तुझा बर्फ उरतो तरी का? पट्टी मेली असेल.

जुना_ऑर्गनबाथ
मेलेली पट्टी आकसते होय? ते सोड. द्रावण कोणतं, अन् गॅडोलिनियम टाकल्यावर गढूळ झालं का?

चिडकी_संत्री
टायरोड, नेहमीचंच. हो, जरा दुधाळ झालेलं, वाटलं बुडबुडे असतील.

जुना_ऑर्गनबाथ
मग सापडलं! टायरोडमध्ये बायकार्बोनेट अन् फॉस्फेट दोन्ही असतात, गॅडोलिनियम दोघांशी मिळून साका होऊन तळाला बसतं, तुझ्या पट्टीपर्यंत पोचतच नाही. दोन्ही काढ, हेपेस बफर घे, पीएच ७.४, कार्बोजन (ऑक्सिजन अन् कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण) बंद करून नुसता ऑक्सिजन सोड, नाहीतर कार्बन डायऑक्साइडमुळे बायकार्बोनेट परत तयार होईल. अन् आकसणं थांबलं म्हणून लगेच नाचू नको, गॅडोलिनियम एल-टाइप चॅनलही बंद करतं. एल-टाइप बंद करणाऱ्या निफेडिपिनचा वेगळा ग्राफ काढ. शिवाय पोटॅशियम क्लोराइड देऊन पाहा, त्याने धडधाकट पट्टी ताणाशिवायही आकसते; त्यालाही पट्टी ढिम्म राहिली तर ताणाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

चिडकी_संत्री
बाप्पा, तीन दिवस वाया. आमच्याकडचं हेपेस संपलंय, अमरावती रोडवर कुणाच्या लॅबमध्ये थोडं मिळेल का? उद्या सकाळीच येते.