फोर-के गेमिंगसाठी लाखाचं ग्राफिक्स कार्ड लागतंच का?

सिंहगड_रोडकर (धागाकर्ता)

दिवाळीत ३२ इंची फोर-के मॉनिटर घेतला. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या मॉनिटरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला म्हणून हुरळून दुकानात गेलो, तर कळलं की ३२ इंचापर्यंत आधीपासून १८च होता. असो. आता माझं जुनं ८ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड त्या पडद्यापुढे धापा टाकतंय आणि मित्रमंडळी एकच पालुपद लावून बसलीत: "फोर-के म्हणजे एनव्हिडियाच्या ५०८०च्या खाली बघूच नकोस."

मला हे पटत नाही. १०८०पी म्हणजे साधारण २१ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३७ लाख, फोर-के म्हणजे ८३ लाख. हा डोंगर कार्डाने प्रत्येक फ्रेमला (म्हणजे दर चित्राला) स्वतः चढायचा असेल तर मित्रांचं बरोबर आहे. पण डीएलएसएस (एनव्हिडियाचं, कमी पिक्सेलचं चित्र एआयने मोठं करणारं अपस्केलिंग) क्वालिटी मोडवर ठेवलं की कार्ड १४४०पीच काढतं आणि उरलेलं अपस्केलिंगने भरलं जातं. परफॉर्मन्स मोडमध्ये तर १०८०पीच. जानेवारी २०२५ मध्ये डीएलएसएस ४ आल्यापासून हे भरणं इतकं सुधारलंय की अडीच फुटांवरून मला तरी फरक शोधावा लागतो.

आता पैशांचं बघू. भारतात ५०७० टीआयची सुरुवातीची किंमत ८०,००० होती, ५०८०ची १,०७,०००. कोअर (हिशोब करणारे भाग) ८,९६० विरुद्ध १०,७५२, म्हणजे २० टक्के जास्त. किंमत जवळपास ३४ टक्के जास्त. आणि मेमरी? दोन्हीकडे १६ जीबीच! वरचे २७ हजार नक्की कशाचे द्यायचे? माझ्या मते ५०७० टीआय किंवा एएमडीचं ९०७० एक्सटी घ्यावं आणि उरलेल्या पैशांत बरी खुर्ची घ्यावी.

निर्भेळ_नेटिव्ह

साफ असहमत. दुधात पाणी घालायचं आणि वर म्हणायचं, "चवीत फरक कळत नाही." मग म्हशीचं दूध घेतलंच कशाला? फोर-के मॉनिटरचे पैसे मोजून त्यावर १०८०पी ताणून बघायचं असेल तर जुना मॉनिटर काय वाईट होता?

जाळीचं कुंपण, विजेच्या तारा, पावसात पळणारी माणसं, असं काही आलं की अपस्केलिंगची शेपटी दिसतेच. आणि या सगळ्याचा फायदा कंपन्यांना. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी स्टेजवरून सांगितलं की ५४९ डॉलरचं ५०७० हे मागच्या पिढीतल्या अव्वल ४०९०इतकं चालेल. कसं? तर चारांतल्या तीन फ्रेम एआयने बनवून, म्हणजे फ्रेम जनरेशनने. १२ जीबीचं कार्ड २४ जीबीच्या कार्डाशेजारी बसवलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सिंहगड_रोडकर

@निर्भेळ, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरताय. मी अपस्केलिंगबद्दल बोललो, फ्रेम जनरेशनबद्दल नाही. फ्रेम जनरेशनमध्ये मधली फ्रेम बनवायला पुढची खरी फ्रेम अडवून ठेवावी लागते, म्हणून माऊस जड वाटतो. मुळात ३० फ्रेम मिळत असतील तर ती १२० दाखवून काही उपयोग नाही, हात ३०वरच चालतो. हे मलाही मान्य.

पण अपस्केलिंगचं तसं नाही. तिथे कार्ड खरोखरच जास्त फ्रेम काढतं. आणि तुमचं 'शुद्ध' नेटिव्ह (अपस्केलिंगशिवायचं चित्र) तरी कुठे शुद्ध आहे? बहुतेक नव्या गेममध्ये त्यावर टीएए (कडा गुळगुळीत करणारं तंत्र) असतंच, आणि ते चित्र पुसट करतंच.

चाळीशीचा_चष्मा

मुळात फोर-केच कशाला, हे कुणी विचारतच नाही. २७ इंची १४४०पीवर इंचाला १०९ पिक्सेल पडतात, ३२ इंची फोर-केवर १३८. चाळिशीनंतर हा फरक बघायला आधी चष्मा शोधावा लागतो. मी १४४०पीवर १२ जीबीच्या ५०७०वर सुखात आहे. फ्रेम भरपूर आणि बायकोचे प्रश्न कमी.

निर्भेळ_नेटिव्ह

काका, तुम्ही खेळता काय ते सांगा आधी.

चाळीशीचा_चष्मा

काउंटर-स्ट्राइक. २००३ पासून. 😀

वऱ्हाडी_फोडणी

पुण्या-मुंबईच्या लोकांनी एक गोष्ट सोडलीच. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. ५०९० हे ५७५ वॉटचं कार्ड आहे. म्हणजे बंद खोलीत शेगडी पेटवून बसायचं अन् ती विझवायला एसी लावायचा, दोन्हीचं बिल आपल्याच घरी येणार. ५०८० ३६० वॉट, ५०७० टीआय ३००, ९०७० एक्सटी ३०४. रोज तीन तास खेळलात तर ३०० वॉटचे महिन्याला २७ युनिट. यात प्रोसेसर अन् मॉनिटर धरलेले नाहीत. मोठं घर असेल अन् बिल आधीच वरच्या स्लॅबमध्ये असेल तर हे युनिट सगळ्यात महाग दराने लागतात, ध्यानात ठेवा.

माझा उपाय: कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणून ठेवतो. फ्रेम थोड्या घटतात, पंख्याचा आवाज मात्र निम्म्याने उतरतो. अन् लाइट गेल्यावर ६०० व्हीएचा यूपीएस हे ओढत नाही. तो फक्त किंचाळतो. म्हणून सांगतो, कार्ड घेताना यूपीएसचा खर्चही धरा.

लॅमिंग्टनचा_वारकरी

धागाकर्त्याचा हिशोब आजच्यापुरता बरोबर आहे. माझा विरोध पुढच्या तीन वर्षांसाठी.

सप्टेंबर २०२० मध्ये ३०८० आलं तेव्हा एनव्हिडिया त्यालाच आपलं अव्वल कार्ड म्हणत होती. मेमरी १० जीबी. तेव्हाही लोक म्हणाले, "१० पुरतंय की, कोणता गेम त्याहून जास्त खातो?" मीही म्हणालो आणि घेतलं. आज त्या कार्डाच्या कोअरमध्ये दम शिल्लक आहे, पण फोर-केवर टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) 'हाय'च्या वर नेले की मेमरी भरते आणि खेळ अडखळतो. इंजिन धडधाकट, टाकी एवढीशी. अपस्केलिंगने कोअरचं काम हलकं होतं, पण टेक्स्चर फोर-केसाठीचेच लागतात. पाथ ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब) आणि फ्रेम जनरेशन चालू केलंत तर ती दोघं मेमरी वेगळी खातात. तुमच्या हिशोबात हे कुठे आहे?

म्हणून मी म्हणतो, १६ जीबीवर ८० हजार घालण्यापेक्षा वापरलेलं २४ जीबीचं ४०९० बघा. माणूस ओळखीचा हवा, बिल हवं, आणि वॉरंटी बिलावर आहे की सिरियल नंबरवर हे आधी विचारून घ्या. पॉवरचा कनेक्टर स्वतः काढून बघा, कडेला प्लास्टिक पिवळं किंवा मऊ झालेलं दिसलं तर नमस्कार करून निघा. २०२२ मध्ये त्या कार्डांचे कनेक्टर वितळल्याच्या बातम्या उगाच आल्या नव्हत्या.

वऱ्हाडी_फोडणी

४०९० म्हणजे ४५० वॉट, भाऊ. पुन्हा शेगडीच.

एडिसनकर

अमेरिकेतून मागवायचा विचार कुणाच्या मनात असेल तर सांगतो: तिकडे जाहीर झालेल्या ५०७० टीआयच्या ७४९ डॉलरमध्ये विक्रीकर धरलेला नसतो. भाच्यासाठी एक कार्ड बॅगेतून नेलं होतं. सात महिन्यांत पंखा गेला आणि भारतातल्या सर्व्हिस सेंटरने "ही वॉरंटी इथे चालत नाही" म्हणून परत पाठवलं. पुढच्या सुट्टीत मी ते परत घेऊन आलो. एका पंख्यासाठी कार्डाचा दोनदा विमानप्रवास झाला.

पेंग्विन_पाटील

लिनक्सवाल्यांसाठी: ९०७० एक्सटी घेऊन टीव्हीला जोडणार असाल तर थांबा. एएमडीचा एचडीएमआय २.१साठीचा मुक्त ड्रायव्हर हे मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नाकारला होता. फोर-के १२० हर्ट्झ हवं असेल तर डिस्प्लेपोर्ट असलेला मॉनिटर घ्या. टीव्हीला बहुधा ते नसतं. बाकी कार्ड झकास आहे. एफएसआर ४ (एएमडीचं अपस्केलिंग) चांगलं आहे, फक्त ते असलेले गेम डीएलएसएसच्या मानाने कमी.

सिंहगड_रोडकर

सगळ्यांचे आभार. काल निर्भेळरावांच्या 'शेपटी दिसतेच' या दाव्याचा निकाल लावायला मित्राच्या घरी गेलो. त्याच्याकडे ५०८० आणि माझ्यासारखाच ३२ इंची पडदा. मी पाठ फिरवायची, त्याने मोड बदलायचा, मी ओळखायचं. बारा वेळा केलं. नेटिव्ह आणि क्वालिटी यांत मी सपशेल नापास, नाणं उडवलं असतं तरी तेवढेच बरोबर आले असते. परफॉर्मन्स मोड मात्र दोनदा पकडला. दोन्ही वेळा जाळीचं कुंपण होतं. म्हणजे कुंपणापुरते निर्भेळराव बरोबर!

वारकरीबुवांचा मुद्दा मात्र झोंबला. टेक्स्चरचं मी खरंच धरलं नव्हतं. मित्राच्याच मशीनवर पाथ ट्रेसिंग आणि फ्रेम जनरेशन लावून मेमरीचा आकडा बघितला, तर १६ काठोकाठ भरत होते. पण मग ५०८०ही तिथेच अडतं ना? त्याच्याकडेही १६च. त्यापुढे २४ जीबीचं वापरलेलं नाहीतर ३२ जीबीचं ५०९०. एकाची भीती वाटते, दुसऱ्याची ऐपत नाही. तेव्हा ५०७० टीआय ठरलं, पाथ ट्रेसिंगवर पाणी सोडलं.

एकच शंका. पॉवर सप्लाय ६५० वॉटचा आहे, पाच वर्षं जुना. चालून जाईल का?

निर्भेळ_नेटिव्ह

कंपनीच ७५० सांगते. खुर्ची विसरा.