‘वायफाय गेले’ म्हणजे नेमके काय गेले? मोडेम, राउटर आणि सोबतचे काही शब्द

मोडेम आणि राउटर ही एकाच वस्तूची दोन नावे आहेत का, असा मूळ प्रश्न आहे. त्याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. परंतु यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात हे दोन्ही शब्द, आणि त्यांच्या जोडीला ‘वायफाय’ हा तिसरा, भिंतीवरच्या एकाच पांढऱ्या डब्याला लावले जातात. त्या एका डब्यात तीन कामे एकत्र आली असल्यामुळे असे होणे साहजिक आहे. अडचण येते ती काहीतरी बिघडल्यावर.

गेल्या वर्षी तुरीचा हंगाम संपत आला असताना शेजारची मुलगी सकाळीच आली आणि म्हणाली, “काकाजी, वायफाय गेलं, अन् फॉर्मची आज शेवटची तारीख आहे.” तिच्या मोबाइलवर वायफायच्या साऱ्या कमानी भरलेल्या दिसत होत्या. तिने डबा तीनदा बंद-चालू केला होता, पासवर्डही बदलला होता. तक्रार नोंदवताना तिने ‘वायफाय चालत नाही’ असे सांगितल्यामुळे पलीकडच्या माणसाने तिला पुन्हा पासवर्डच तपासायला लावले. मी डबा पाहिला, तेव्हा एलओएस या अक्षरांखाली लाल दिवा लुकलुकत होता. ही अक्षरे ‘लॉस ऑफ सिग्नल’ची आहेत, म्हणजे फायबरच्या, अर्थात काचतंतूच्या, तारेतून इंटरनेट घेऊन बाहेरून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोहोचत नव्हता. कुटाराने (भुशाने) भरलेल्या ट्रॅक्टरने रात्री खांबावरून लोंबणारी फायबरची तार ओढून नेली होती. वायफाय धडधाकट होते, गेले होते ते इंटरनेट. फॉर्म तालुक्याला जाऊन भरावा लागला.

या प्रसंगात तीन शब्दांची कामे वेगळी दिसतात. वायफाय म्हणजे मोबाइल आणि डबा यांच्यामधला, घरातल्या घरातला बिनतारी दुवा, एवढेच. हे नाव १९९९ मध्ये व्यापारी चिन्ह म्हणून घडवण्यात आले आणि ते कशाचेही लघुरूप नाही. ‘वायरलेस फिडेलिटी’ ही फोड सर्वत्र सांगितली जाते, कारण हे चिन्ह बाळगणाऱ्या संघटनेनेच सुरुवातीला तसे शब्द असलेले घोषवाक्य वापरले होते. व्युत्पत्ती म्हणून मात्र ती धरू नये.

मोडेम हा शब्द मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर यांच्या पहिल्या अक्षरांतून झाला आहे. संगणकाचे अंकी संकेत टेलिफोनच्या तारेवरून जाऊ शकतील अशा लहरींत बदलायचे आणि आलेल्या लहरी पुन्हा अंकी करायच्या, हे त्याचे काम. आमच्याकडे टेलिफोनच्या तारेवरचे इंटरनेट घरोघरी कधी आलेच नाही. २०११ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत थेट फायबर नेण्याचे काम सुरू झाले. त्यामुळे ‘मोडेम’ हा शब्द वस्तूशिवायच शहराकडून आमच्यापर्यंत पोहोचला. फायबरच्या टोकाला प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणाऱ्या यंत्राला ओएनटी म्हणतात, आणि तक्रार करताना तोच शब्द वापरावा असे माझे मत आहे.

राउटरचे काम वाट दाखवून देण्याचे. ‘मार्गक’ हा प्रतिशब्द अर्थाला धरून असला, तरी दुकानदारापासून लाइनमनपर्यंत सर्व जण राउटरच म्हणतात, म्हणून तोच ठेवावा. हे काम समजायला आपल्या गावांचीच रचना उपयोगी पडते. वऱ्हाडात पुष्कळ गावांत माळीपुरा असतो. गावात ‘माळीपुऱ्यातले शेवटचे घर’ एवढा पत्ता पुरतो, पण नागपूरहून येणाऱ्या पाकिटावर तो लिहून चालत नाही. १९२.१६८ ने सुरू होणारा आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातल्या यंत्राचा आकडी पत्ता, तसाच आहे: लाखो घरांत तोच आकडा आहे आणि तो घराच्या जाळ्यातच चालतो. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मागणीवर राउटर घराबाहेर चालणारा पत्ता लिहितो, कोणत्या यंत्राने काय मागितले ते ध्यानात ठेवतो आणि आलेले उत्तर त्यालाच पोहोचवतो. जुन्या, ३२ बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक) पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात. घरातल्या साऱ्या यंत्रांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देण्याची ही काटकसर त्यामुळेच करावी लागली.

आता वेगाचा शब्द, ज्याकडे मराठी लिहिणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे असे मला कळकळीने वाटते. रोमन लिपीत लहान बी म्हणजे बिट आणि मोठा बी म्हणजे बाइट. देवनागरीत लहान-मोठे अक्षर नसल्यामुळे ‘एमबी’ लिहिताच हा भेद पुसला जातो, आणि ८ बिटांचा १ बाइट होत असल्यामुळे चूक थेट आठपटीची होते. १०० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटची, जोडणी घेतलेला माणूस सेकंदाला १०० मेगाबाइटची फाइल उतरेल असे धरून चालतो. प्रत्यक्षात ती फार तर साडेबारा मेगाबाइट उतरते, आणि मग तो फसवणूक झाल्याची तक्रार करतो. म्हणून लघुरूप टाळून ‘मेगाबिट’ आणि ‘मेगाबाइट’ असे पूर्ण शब्दच लिहावेत.

असाच घोटाळा ‘५जी’चा. वायफायच्या नावापुढे ५जी दिसले, तर तेथे जी म्हणजे गिगाहर्ट्झ, लहरींच्या वारंवारतेचे एकक. मोबाइलच्या पाचव्या पिढीशी त्याचा संबंध नाही. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेग अधिक देतात, पण धाब्याच्या घराच्या हातभर जाड मातीच्या भिंतीपलीकडे त्या फारशा टिकत नाहीत, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी त्यापेक्षा बऱ्या पोहोचतात. टिनाच्या भिंतीपुढे मात्र दोन्हींची गत सारखीच होते. तेव्हा ओसरीत बसून ‘रेंज नाही’ म्हणणारा माणूस टॉवरविषयी बोलतो आहे की मधल्या भिंतीविषयी, हे आधी विचारून घ्यावे.