‘लाइमटाउन’ ही श्रुतिका खऱ्या घटनेवर आधारित आहे का?

प्रश्न

‘लाइमटाउन’ या इंग्रजी श्रुतिकेचा पहिला भाग मी परवा रात्री दिवा मालवून ऐकला आणि बराच वेळ झोप लागली नाही. टेनेसी राज्यात मेंदूविषयक संशोधनासाठी वसवलेल्या गावातून तीनशेहून अधिक माणसे एकाएकी नाहीशी होतात आणि काही वर्षांनी लिया हॅडॉक ही रेडिओ-पत्रकार त्यांचा माग काढू लागते. असे खरोखर घडले होते का? आणि फारसे काही घडत नसतानाही एवढी भीती का वाटते?

प्रतिसाद १

नाही, हे सर्व काल्पनिक आहे. झॅक एकर्स आणि स्किप ब्रॉन्की यांनी २०१५ मध्ये ही श्रुतिका आणली, तेव्हाही अनेकांना आपल्यासारखीच शंका आली होती. आदल्याच वर्षी ‘सीरियल’ या पॉडकास्टने एका खऱ्या खुनाचा मागोवा घेतला होता, त्यामुळे पत्रकाराचा निवेदनाचा सूर ऐकला की ते खरेच असणार, असे श्रोत्यांच्या मनात बसलेले होते. ही युक्ती जुनीच आहे. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकी दिग्दर्शक-अभिनेते ऑर्सन वेल्स यांनी मंगळवासीयांच्या स्वारीचे नभोनाट्य बातमीपत्राच्या रूपात सादर केले होते. मात्र त्यानंतर देशभर हाहाकार उडाल्याची वर्णने तेव्हाच्या वृत्तपत्रांनी बरीच फुगवलेली होती, हेही नमूद करायला हवे.

प्रतिसाद २

भीतीबद्दल लिहितो, कारण मी काही वर्षे नभोनाट्यांत काम केले आहे. पात्र खोलीतून निघून जाते हे दाखवायचे असेल, तर आम्ही वाक्य बोलता बोलताच माइकपासून दोन पावले मागे सरकून तोंड फिरवत असू. तेवढ्याने माणूस गेलेला असे. श्रुतिकेत ज्याचा आवाज येत नाही तो तिथे नसतोच, म्हणून गप्प बसलेल्या पात्राला लेखक मधूनच खाकरायला लावतो. माणसे नाहीशी होण्याची गोष्ट या माध्यमात इतकी भिनते ती यामुळेच. लाइमटाउन गावाचे फाटक तीन दिवस बंद राहते आणि उघडल्यावर आत कोणी नसते, हे आपल्याला केवळ सांगितले जाते. ती रिकामी घरे ज्याची त्याने मनात उभी करायची असतात. २०१९ मध्ये अभिनेत्री जेसिका बील यांना घेऊन याची दृश्य मालिकाही आली, तरी माझे मत श्रुतिकेच्याच बाजूने आहे.

प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. आज पहिला भाग पुन्हा ऐकला आणि या वेळी लियाचा श्वास कुठे जवळून येतो, कुठे ती माइकपासून दूर आहे, याकडेच लक्ष दिले. मुलाखत देणारा बोलायचा थांबतो, तिथे या वेळीही माझा हात दिव्याकडे गेला.